वॉटफर्डला नेलेली निहारी

५ ऑक्टोबर, रविवार
नसरीनआपांना आता पाणीही गिळवत नाही. अन्ननलिकेत गाठ. हॉस्पिटलने घरी पाठवलंय, म्हणजे कळायचं ते कळलं. चौदा वर्षांपासूनची शेजारीण, इथे रीडिंगमध्ये भिंतीला भिंत.
त्यांचे मिस्टर रशीदभाई नमाजाला गेल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "मधुरा, निहारी करशील? मी सांगते तशी."
"आपा, मी अंडंसुद्धा फोडत नाही."
"माहीत आहे. पण दुसरं कोण आहे मला?"
स्वतःसाठी नाही, सादियासाठी. त्यांची मुलगी. गोऱ्या मुलाशी लग्न केलं म्हणून नऊ वर्षांपूर्वी रशीदभाईंनी दार बंद केलं. वॉटफर्डला असते, आईचाही फोन घेत नाही. आपांच्या मते निहारी, म्हणजे तो मंद आचेवरचा मांसाचा रस्सा, चाखली की येईल. लहानपणी दर रविवारी सकाळी तीच लागायची तिला.

८ ऑक्टो., बुध.
आज ऑफिसला ब्रॅकनेल. टेस्टिंगमध्ये लक्ष नाही. जेवताना नवऱ्याला सांगितलं. श्री म्हणाला, "आपल्या घरात नको." बस, एवढंच.
आपांची निहारी बीफचीच. संध्याकाळी चाचरत विचारलं, मटणाची केली तर...
"मटणाची कर. तुझं मन नको दुखायला." विचारसुद्धा केला नाही. मलाच कसंतरी झालं.

११ ऑक्टो., शनि.
आपांनी रशीदभाईंना दिवसभरासाठी भावाकडे लेस्टरला पाठवलं, मधुरा आहे ना म्हणून. सातपासून मी त्यांच्या किचनमध्ये. त्या खुर्चीत, पाठीला उशी.
बडीशेप, सुंठ, पिंपळी, जायपत्री भाजून कुटली. मांसाला हात लावायला ग्लोव्ह्ज घातले. आपा बघत होत्या. काढून ठेवले.
"कांदा लाल. काळा झाला तर कडू होईल."
सहा तास मंद आच. शेवटी कणीक पाण्यात कालवून सोडली, ढवळून ढवळून हात भरून आला. तूप वर आल्यावर आपांनी चमचाभर तोंडात घेतली, घोळवली, आणि बेसिनमध्ये थुंकली. बराच वेळ नळाला धरून उभ्या.
मग म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे."

१२ ऑक्टो., रवि.
डबा टॉवेलात गुंडाळून पॅडिंग्टन, यूस्टन, वॉटफर्ड. दार सादियानेच उघडलं. डोळे आपांचे.
"अब्बूंनी पाठवलं?"
"अम्मीने. फार दिवस नाहीत, बेटा."
आत घेतलं. डबा उघडला, बोट बुडवून चाखलं.
"हे मटण आहे."
"हो."
"अम्मी मटणाची कधीच करत नाही. ही तिची नाही."
सांगितलं, तिनेच सांगितली, मी केली, मटण माझ्यामुळे. मी खात नाही, बीफला हात लावत नाही... जसजशी बोलत गेले तसतसं ते आणखीच खोटं वाटायला लागलं.
"आँटी, नऊ वर्षांत ती एकदाही आली नाही. अब्बूंना घाबरून. आणि आता डबा?"
डबा मात्र ठेवून घेतला. माझा नंबरही.

१३ ऑक्टो.
आपांना म्हटलं, आवडली. येते म्हणाली.
"कधी?"
लवकर.
हे खोटं मी का बोलले? आता रोज विचारणार.

२१ ऑक्टो.
दिवाळीचं काही केलं नाही, चार पणत्या लावल्या. सादियाला रोज एक मेसेज. वाचते. उत्तर नाही.

२८ ऑक्टो., मंगळ.
आपा गेल्या. दुपारी तीन वाजून दहा.
सकाळी दोनदा विचारलं, "आली?" दुसऱ्यांदा रशीदभाई शेजारीच होते. कोण, असं त्यांनी विचारलं नाही. मान खाली घातली.
पावणेचारला सादियाचा मेसेज. 'रीडिंग स्टेशनवर आहे. अब्बू घरी आहेत का?'
मी लिहिलं, अम्मी गेली.
सहा वाजता स्टेशनवर जाऊन आले. नव्हती.

३१ ऑक्टो.
काल दफन. आज रशीदभाई दारात. आपांचे मसाल्याचे डबे पिशवीत भरून आणलेले. "मला काय कळतंय यातलं. तुम्ही ठेवा." निघताना थांबले, "मी लेस्टरहून आलो त्या दिवशी घरात निहारीचा वास होता."
मी हो म्हटलं. ते गेले.
बीफची केली असती तर? तेव्हाच आली असती? डोक्यातून जात नाही. श्री म्हणतो, वेड्यासारखं करू नकोस.

४ डिसेंबर, गुरु.
शनिवारी आपांचा चाळिसावा दिवस. रशीदभाईंनी मांसाचं हलीम बाहेरून सांगितलंय, आम्हाला डाळ वेगळी.
संध्याकाळी सादियाचा फोन. पहिल्यांदाच.
"आँटी, अम्मीने सांगितलेलं सगळं आठवतंय?"
"लिहून ठेवलंय."
"मग शनिवारी तुमच्याकडे करू द्याल? बीफची. अम्मी करायची तशी. मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. पण वास जाईल पलीकडे. अब्बूंना यायचं असेल तर येतील."
फोन स्पीकरवर होता. समोर श्री. ताट तसंच ठेवून उठला आणि वर गेला.
मी म्हटलं, सांगते तुला.
"उद्या दुपारपर्यंत सांगा. खाटकाकडे आधी सांगावं लागतं."
वर दिवा चालू आहे. जाऊन बोलायला हवं.