घिवलीच्या घराची राखणदारीण

॥ श्री ॥
सरावली, दि. ८ जानेवारी २०२४

ती. ठमीवन्स यांना हंसाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. फोन तुमच्या कानांना ऐकू जात नाही, आणि शेजारणीने ऐकून तुम्हाला ओरडून सांगावं अशी ही गोष्ट नाही, म्हणून चिंतूच्या रिक्षातून पत्र पाठवते.

घिवलीचं घर विकायचं ह्यांनी नक्की केलं आहे. मेहुलचं लग्न करायचं तर सरावलीच्या दोन खोल्यांत सून कुठे ठेवणार? पालघरला फ्लॅट बघितला आहे. त्यातली मागची खोली तुमची. खिडकी पूर्वेची, सकाळचं ऊन तुमच्या गुडघ्यांना बरं. हे मी देवापुढे बसून लिहिते आहे.

बोईसरचे धर्मेशभाई एजंट काम बघतील. ते म्हणाले, पार्टी येईल त्या दिवशी अंगणात बोंबील नकोत. आणि घरात मालकाची बहीण राहते असं कळलं की पार्टी पळते, हिस्सा-भांडणाची शंका येते. तेव्हा कोणी विचारलं तर राखणदारीण आहे म्हणून सांगावं. घर तुमचंच, जन्म तुमचा तिथला. हे दोन घटकांचं नाटक. घरपट्टीवर नाव एकट्या ह्यांचं आहे ते बरंच झालं. मामंजी गेले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, भावाच्या घराला बहिणीचं नाव कशाला. तो तुमचा मोठेपणा.

माया आहे तशी राहू द्यावी.
आपली, सौ. हंसा


घिवली, दि. १९ जानेवारी

चि. सौ. हंसास ठमीचे अनेक आशीर्वाद.

पत्र चिंतूने दिलं. मेला पत्राचं वेगळं भाडं मागत होता. मूठभर सुकट दिली, गप झाला.

तुझा एजंट तीन पार्ट्या घेऊन आला. बोंबील मी मागल्या दारी नेऊन लपवले, जसे काय चोरीचे. एक बाई नाकाला रुमाल लावूनच आत आली. तिने पुसलं, मावशी तू कोण? मी म्हटलं राखणदारीण. किती वर्षं? मी म्हटलं एकसष्ट. एजंटाचं तोंड शिजलेल्या शेवंडासारखं लाल झालं. मला हसू आवरेना. जाताना बाईने वीस रुपये हातावर ठेवले. बापाच्या उंबऱ्यात उभं राहून बक्षिसी घेतली गं! देवीच्या डबीत टाकले.

आत्मारामाला सांग, आमाला नाटकाचं काय नवं नाय. नवरा बुडाला आणि मी परत आले तेव्हा आत्मा बारा वर्षांचा, आई नाय. टोपली डोक्यावर घेऊन त्याला शिकवला. ताटात एकाचंच असलं की जेवलेय म्हणून सांगायची. ते पण नाटकच.

खिडकी पूर्वेची हाय, पण वारा येतो का? समुद्र नाय दिसला तरी चालेल. माझी खाट सहा फुटी हाय, खोलीत बसते का ते मापून कळव. मेहुलला पापा.

तुझी, ठमी


॥ श्री ॥
सरावली, दि. २ फेब्रुवारी

ती. ठमीवन्स यांना सा. न.

एकसष्ट वर्षं हे तुम्ही गंमत म्हणून बोललात, पण ती पार्टी गेली ना! धर्मेशभाई ह्यांच्यापुढे म्हणाले की म्हातारी म्हणजे घराला लागलेली वाळवी आहे. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी त्यांना नाश्त्याचं विचारलंसुद्धा नाही. पुढच्या वेळी चार वर्षं सांगावं.

आता वापीचे एक शेठ तयार आहेत. त्यांच्या वकिलाला कागद हवा आहे की घरात राहणारी बाई पगारी राखणदार आहे, तिचा घरावर काही हक्क नाही. तोंडी बोलता तेच कागदावर, भिण्यासारखं काही नाही. अंगठा देऊ नये, सही करावी. तुमची सही सुरेख येते. लुगडं जुनंच नेसावं असा धर्मेशभाईंचा निरोप आहे. सोन्याचे मणी काढून ठेवावे.

खाटेचं माप अजून घेतलं नाही, फ्लॅटची चावी मिळायची आहे. स्वामींची कृपा असली की सगळं होतं.

रागावू नये, लहान समजून पोटात घालावं.
आपली, सौ. हंसा


घिवली, दि. ११ फेब्रुवारी

चि. सौ. हंसास आशीर्वाद.

सही केली. वकील कागद वाचत होता, मला नुसते त्याचे ओठ हललेले दिसले. आत्माकडे बघितलं. त्याने मान हलवली, मग मी पेन धरलं.

शहाळी मीच फोडली, सगळ्यांना दिली. बसायला गेले तर एजंटाने डोळे मोठे केले, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले. शेठने आत्माला पुसलं, ही कशी हाय? आत्मा म्हणाला, बाई विश्वासू हाय. तो जवळ होता म्हणून एवढं नीट ऐकू आलं. नाटक हाय ते मला कळतं गं. पण बाई म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाय.

जाऊ दे. सामान बांधलंय, एक खाट सोडून. कधी यायचं ते लिही.

तुझी, ठमी


॥ श्री ॥
सरावली, दि. ४ मार्च

ती. ठमीवन्स यांना सा. न. वि. वि.

देवाने ऐकलं. सौदा ठरला, टोकन आलं. मेहुलची सोयरीकही जमली. मुलगी वैतरण्याची, दीपिका नाव, बी.कॉम. झाली आहे. तिच्या आईने पहिलाच प्रश्न विचारला, घरात माणसं किती? ह्यांनी सांगितलं तिघं. शब्द गेला तो गेला, आता फिरवता येत नाही. मागच्या खोलीत मुलीचं कपाट यायचं आहे, ते लोक माप घेऊन गेले.

पण तुमची सोय आधीच झाली आहे. शेठना तुमचं वागणं आवडलं. राखण करायला हीच बाई राहू दे म्हणाले, पगार देणार आहेत. म्हणजे घर विकलं गेलं आणि तुमची एक पाटीसुद्धा हलली नाही! असं भाग्य कुणाला मिळतं? पगार माझ्याकडे ठेवायला द्यावा. जमाखर्चाच्या वहीत तुमच्या नावाने पान उघडलं आहे.

बांधलेलं सामान सोडावं. महाशिवरात्रीचा उपास करताय ना?

आपली, सौ. हंसा


घिवली, दि. १६ मार्च

चि. सौ. हंसास आशीर्वाद.

काल दोन माणसं फीत घेऊन आली. चुन्याची रेघ मारली ती माझ्या चुलीवरून गेली. पुसलं, तर हिंदीत म्हणाले, मौसी, इथे पोहायचा तलाव होणार. समुद्र पन्नास पावलांवर आणि यांना पोहायला तलाव! घर पावसाच्या आधी पाडणार. मग मी राखण कसली करायची, पाण्याची?

आज सकाळीच पालघरला जाऊन आले. हेमाली म्हणून वकीलबाई हाय, सातपाटीची, आपल्यातली. तिने कानाला तोंड लावून सगळं सांगितलं. पेपरात नोटीस आलीय, कोणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत सांगा. आज नववा दिवस. बापाच्या घरात मुलीचा पण हक्क असतो म्हणे. तू बहीण हायस ते गाव सांगेल, ती म्हणाली, पण हक्क नाय, पगारी नोकर हाय, असं तू सही करून दिलंस. ती सही नाटकाची होती हे कुठे लिहिलेलं हाय का?

तेव्हा मला तुझी पत्रं आठवली. तिन्ही पेटीत हायत. ती म्हणाली, घेऊन ये, एवढं पुरे.

मी परत गेले नाय. भावावर केस करणारी बहीण मला व्हायचं नाय. खोली पण नको. गॅलरीत झोपेन, सोयरे आले की जिन्यात बसेन. मी राखणदारीण हाय असंच त्यांना सांग, मला सवय झालीय. मरेपर्यंत तुमच्या छपराखाली राहू दे, एवढंच मागते. तू हो म्हण, मी हरकत घेत नाय.

ठमी


॥ श्री ॥
सरावली, दि. १७ मार्च

ती. ठमीवन्स यांना हंसाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मी देवापुढे रडले. जिन्यात कशाला बसाल? आम्ही मेलो आहोत का?

सगळं ह्यांच्या मनावर अडलं आहे. मागची खोली तुम्हाला कबूल केली होती हेच ते आता मानत नाहीत. म्हणून माझी पत्रं बरोबर आणावी. माझ्याच हातचं लिहिलेलं त्यांच्यापुढे ठेवते, मग बघू कसे नाही म्हणतात. हे चौथंही आणावं, मागे एकही ठेवू नये. वकीलबाईंकडे तूर्त जाऊ नये, घरचं घरात मिटतं आहे.

उद्या सोमवारी चिंतू घ्यायला येईल. त्याचं भाडं मी देणार आहे. गुरुवारी सत्यनारायण आहे, तोवर तुम्हाला हलू देणार नाही. तुमच्या आवडीच्या निवट्यांचं कालवण करते.

वाट पाहणारी, तुमची हंसा


सरावली, दि. २३ मार्च

ठमीबाई यांस,

कळविण्यास कारण की, काल शुक्रवारी आपण घिवलीस नीट पोचलात असे चिंतूकडून समजले. होळीला सोयरे येणार असल्याने अधिक ठेवून घेता आले नाही.

नोटिशीची मुदत गुरुवारी पूजेच्या दिवशीच संपली. कोणाची हरकत आली नाही. पत्रे चारही मिळाली होती. ती ह्यांनी उद्याच्या होळीसाठी बाजूला काढली आहेत. वन्स असे लिहिणे धर्मेशभाईंनी बंद करायला सांगितले आहे.

जाताना ह्यांचे पाय धरून जे रडलात ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेले. ह्यांना रात्री जेवण गेले नाही. वयाने मोठे असताना भावाला एवढा त्रास द्यायला नको होता. मी देवाकडे तुमच्यासाठी क्षमा मागितली आहे.

एक तारखेला शेठची माणसे घर पाडायला येतील. त्यानंतर राखणदाराची गरज नाही असे शेठ म्हणाले. कौले शाबूत उतरवायला सांगावे, ती आमच्याकडे ठरली आहेत. माणसे उन्हातून येतील, त्यांना दोन वेळा चहा करून द्यावा. साखर-पत्तीचे पैसे शेठकडून मागून घ्यावे.

सौ. हंसा आत्माराम