कोमल कुणासोबत पळणार

३ ऑक्टो., केज
१२ तारखेच्या खेळांसाठी मैदान आखलं. डोळ्यांनी दिसणारी, न दिसणारी, कुबडीवाली, सगळी पोरं एकत्र खेळणार. राबतोय आम्ही गावातलीच चारजणं. त्यात पुण्याहून परत आलेली सारिका नवीन. पोरं तिच्याच मागं. कोमलसुद्धा. कोमलला दिसत नाही. दोरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, असं तिला मीच पळायला शिकवलं. आज सारिकाला म्हणते, "ताई, तुमचा आवाज लई गोड हाय." मला कधी...

५ ऑक्टो.
कोमलनं सांगून टाकलं, शर्यतीत सारिकाताईसोबत पळणार.
"कावून गं?"
"तुमी वढता, मावशी. त्या संगं पळत्यात."
बरं म्हटलं. घरी भाकरी करपली.
सारिका म्हणे, मी समजावते तिला. हिनं समजवायचं, माझ्या कोमलला.

८ ऑक्टो.
सराव. बघायचं नाही म्हणून फक्कीच्या रेघा मारत बसले. बघितलंच. सारिका बोलतच नाही पळताना. माझं आपलं "डावीकडं, सरळ, हळू" चालू असतं. कोमल हसत होती. माझ्यासोबत दात-ओठ खाऊन पळायची.

१२ ऑक्टो.
खेळ झाले. नांदूरघाटची, दिंद्रुडची पोरं जीपनं आली. शर्यत सुटली नि मनात आलं, सारिका अडखळावी. नाही अडखळली. कोमल दुसरी. "मावशी कुठंय?" विचारत होती म्हणे. मी पाण्याच्या टँकरमागं उभी होते.

१६ ऑक्टो.
कोमलची आई आली. ऊसतोडीची टोळी उद्या निघतेय. आजी वारल्यापासून पोरीला मागं कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न. सारिका म्हणाली म्हणे, माझ्याकडं राहू द्या, शाळा बुडणार नाही.
हे मी म्हणणार होते. नुसतं म्हणणारच होते.
"सारिकाबाईकडं ठिवू का? पोरीला इचारलं तर गप बसती. तुमी तिला वळखता, तुमी म्हनाल तसं."
सकाळी सांगते म्हटलं. चहासुद्धा विचारला नाही तिला.

१७ ऑक्टो.
ह्यांना म्हटलं, कोमलला आपल्याकडंच ठेवू. हे म्हणाले, "तुला पोरगी पायजे, का सारिकाला मिळू नाही असं वाटतंय?"
दोन्ही, मनात म्हटलं.
कोमलची आई आलीय. कोमल तिचा पदर धरून दारात उभी. आई विचारतेय, "बाई, काय ठरलं?"
आले म्हटलंय. अजून उठले नाही.