निळ्या घराचं गिऱ्हाईक

भोर,
वैशाख वद्य चतुर्थी, शके १८५८

तीर्थस्वरूप उपेंद्रदादा यांस,

गंगाधरचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण चुन्याची बादली शिडीवर चढवताना कमरेत उसण भरली, त्यामुळे तूर्त सहाच अंगांनी घातला आहे. उरलेली दोन उसण उतरल्यावर पाठवीन. आपली प्रकृती कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? (सौदामिनी म्हणते, अडुळशाचा काढा द्यावा. बडोद्यास डॉक्टर असतील असं मी म्हटलं, तरी आपल्या बहिणीचा निरोप म्हणून लिहिला.) इकडे आम्ही उभयता खुशाल, म्हणजे ती खुशाल आणि मी वर सांगितल्याप्रमाणे.

बडोद्याच्या छापखान्यात आपण माझ्यासाठी मुद्रितं तपासण्याची जागा पाहून ठेवलीत आणि भोरचं घर विकून ज्येष्ठात हजर व्हा असं लिहिलंत, हे उपकार मी विसरणार नाही. पत्र येताच मी वकीलसाहेबांकडून (ज्यांच्या कागदांच्या मी अकरा वर्षं नकला करतो आहे) पंधरा दिवसांची रजा घेतली आणि घर विकायला काढलं. घर आपण पाहिलेलं आहे: नीरेकाठची आळी, तीन खोल्या, पुढं ओसरी, मागं परसू. पण राहायचं घर वेगळं आणि विकायचं वेगळं, हे मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत न दिसलेल्या गोष्टी मला एका सकाळी दिसल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या ओलीला मी आजवर नुसता डाग समजत होतो. गिऱ्हाइकाच्या नजरेनं पाहिलं तर तो हिंदुस्थानचा नकाशा निघाला, खाली सिलोनसकट.

म्हणून आधी रंग. चुन्यात चिमूटभर नीळ घातली की भिंत पांढरीशुभ्र दिसते, एवढं मला माहीत होतं. चिमूट केवढी, ते माहीत नव्हतं. ओल्या भिंतीवर काही उमगेना म्हणून मी आणखी घातली, मग आणखी. (त्या वेळी सौदामिनी "पुरे" म्हणाली होती. हे तिच्या आग्रहावरून नमूद करतो.) वाळल्यावर घर असं निळं झालं की पलीकडच्या काठाला धुणं धुणाऱ्या बायका कपाळाला आडवा हात लावून बघत राहिल्या. आता निळ्याला काही शोभा हवी म्हणून ओसरीतल्या झोपाळ्याला हिरवा तेलरंग दिला. तो दोन दिवसांत वाळतो असं दुकानदारानं सांगितलं होतं. दुकानदारानं काय, सांगून टाकायचं.

रंग झाल्यावर घर रिकामं दिसू लागलं. मग शेजारच्या फुलाबाईंकडून टोल्यांचं घड्याळ आणलं आणि कोपऱ्यावर कुंडलिकचं चहाचं दुकान आहे, तिथलं लांब बाक मागून आणलं. रंगातूनही पुन्हा वर आलेल्या सिलोनवर गणपतीचं दिनदर्शिकेचं चित्र टांगलं. शेवटी सौदामिनीला सांगितलं, गिऱ्हाईक आलं की तू फक्त हसायचं, बोलायचं नाही. ती म्हणाली, "मला विचारलं तर मी खरं सांगीन. आणि हसू येईल की नाही, ते तेव्हा बघू."

गिऱ्हाईक आलं ते भोंगवलीचे आनंदराव. मोठे बागाईतदार, अंगानं सहा फूट, नेसूचं धोतर बगळ्याच्या पिसासारखं. त्यांच्या दोन मुलींनी गावातली शाळा संपवली, त्यांना पुढं शिकवायचं म्हणून भोरात घर हवं होतं. बरोबर पत्नी बनाबाई. दोघं पहाटेच छकडा जोडून निघाले होते.

त्यांनी ओसरीवर पाऊल ठेवलं आणि पहिलाच घोळ दिसला. कुंडलिकच्या दुकानात रोज त्या बाकावर बसणारी चार माणसं बाक शोधत आमच्याकडे आली होती आणि बाक सापडल्यावर त्यावर बसली होती. त्यांतल्या एकानं मला दोन कप सांगितलेही. आनंदराव मात्र खूश झाले. "मानसांचा राबता हाये घराला," असं म्हणाले. इतक्यात घड्याळानं अकराऐवजी तेरा टोले दिले. त्याखाली पाटावर फुलाबाई बसल्या होत्या. घड्याळ परक्या घरात एकटं सोडायचं नाही म्हणून त्या सकाळपासून जागच्या हलल्या नव्हत्या.

"ह्या कोन म्हनायच्या?" आनंदरावांनी विचारलं.

मी आत्या म्हणणार होतो, तोवर फुलाबाई म्हणाल्या, "मी घड्याळाची."

असंही एखादं नातं असावं, अशा समजुतीनं आनंदरावांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि "पाय लई दमलं" म्हणत ते झोपाळ्यावर बसले.

दादा, मी थांबवायला धावलो, पण उशीर झाला होता. झोपाळा वाळलेला नव्हता. ते उठायला गेले तेव्हा झोपाळाही त्यांच्याबरोबर उठू लागला. बाकावरच्या चौघांनी झोपाळा धरला, मी आनंदरावांना धरलं, आणि मोठ्या कष्टानं दोघांना वेगळं केलं. धोतरावर मागं चार हिरवे पट्टे उमटले. माझं धोतर नेसायला दिलं, ते त्यांच्या गुडघ्याखाली चार बोटं पोचलं. तशा वेषात हा भला माणूस बाकावर जाऊन बसला आणि चौघांशी उसाच्या भावाबद्दल बोलू लागला. मी परसात बसून घासलेटानं त्यांचं धोतर चोळू लागलो. सोडून चाललेल्या माझ्याच घरात मी परक्याचं धोतर धुतो आहे, हे मनात आलं आणि वाईट वाटलं.

स्वयंपाकघराची खिडकी परसात उघडते. आत सौदामिनी गणपतीचं चित्र उतरवून बनाबाईंना भिंत दाखवत होती. मी हातानं खुणा केल्या, पण हातात धोतर असल्यामुळे त्या नीट झाल्या नाहीत. तिनं सगळं सांगितलं. श्रावणात इथं ओल येते, चूल वारा फिरला की धुरते, घड्याळ आमचं नाही, बाक आमचं नाही.

बनाबाई म्हणाल्या, "भितीचं काय न्हाई हो बाई, आमच्या बी भिती वल्या हुत्यात. माजा जीव निराळ्याच गोष्टीला भितोय. पोरी कदी घराभाईर ऱ्हाईल्या न्हाईत. हितं त्यास्नी भाकर कोन घालंल? ताप आला तर हाक कुनाला मारतील?"

सौदामिनीनं चित्र पुन्हा भिंतीला टांगलं. मग हळूच म्हणाली, "मला इथून जायचं नाहीये, बनाबाई. आमच्या घरात अजून कुणी पाटी घेऊन बसलं नाही." त्यानंतर दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, कारण मी धोतर चोळायचं थांबवून तेच वाक्य मनात घोळवत बसलो होतो.

दादा, आपली बहीण असं कधी मला म्हणाली नव्हती. मीही विचारलं नव्हतं.

घटकाभरानं दोघी बाहेर आल्या. बनाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. आनंदरावांनी माझं धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "मास्तर, (मी मास्तर नाही, पण राहू द्या) घर म्या घेतो. पर मानसांसकट. तुमी दोगं हितंच ऱ्हावा. आमच्या पोरी तुमच्याजवळ ऱ्हातील. भाड्याचं नाव काडू नका."

मी बडोद्याचं सांगायला सौदामिनीकडे पाहिलं. ती हसत होती, आणि तिला खोटं हसता येत नाही. आनंदरावांनी सौद्याचा म्हणून पुढं केलेला नारळ मी घेतला. मुली ज्येष्ठात येतील. थोरली ठकुबाई, धाकटी सगुणा. सौदामिनीनं दोघींच्या पाट्या ठेवायला कोनाडाही पुसून ठेवला आहे.

तेव्हा घर विकलं गेलं, आणि आम्ही त्यातच आहोत. छापखान्याची जागा आपण दुसऱ्या कुणा गरजूला द्यावी. राग मानू नये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गंगाधर

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर राहूनच गेलं. आपलं पत्र आलं त्याच दिवशी रजेच्या अर्जापाठोपाठ मी वकीलसाहेबांना राजीनामाही लिहिला, आणि त्यांचे कारकून चिमाजी आमच्या शेजारी राहतात, त्यांच्या हाती द्यायला सौदामिनीकडे ठेवला. आता इथंच राहायचं तर नोकरी हवी. नुसता राजीनामा असता तर पाय धरले असते. पण त्यांची पुन्हा गाठ पडणार नाही अशा समजुतीनं मी त्यात लिहिलं आहे की त्यांचं अक्षर म्हणजे शाईत पडलेल्या झुरळाचा फेरफटका, आणि त्यांचा युक्तिवाद ऐकून त्यांच्या अशिलांना मी मनातल्या मनात जेलात भाकरी पोचवल्या आहेत. वकीलसाहेब आपले वर्गमित्र. मेहुण्याला उन्हाळा बाधून भ्रम झाला होता, असं आपण त्यांना उलट टपाली लिहावं. रजेचे आठच दिवस उरले आहेत.

ता. क. (सौदामिनीच्या हातचा) दादा, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी लिहिते. वकीलसाहेबांना काही कळवू नकोस. राजीनामा मी चिमाजींना दिलाच नाही, तो तांदळाच्या डब्यात आहे. पण हे ह्यांना आत्ताच सांगू नकोस. धास्तीनं जिवाला स्वस्थता नाही म्हणून सकाळपासून राबतात. कौलं चाळून झाली, परसदाराला कडी बसली. माळा अजून राहिलाय.