जितकी लहान मिळेल तितकी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
फुलेवाडी, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. मामा व अत्ती यांस,
दानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

मामा, तुमच्या कानांनी फोनची साथ सोडल्यापासून आपलं सासरा-सुनेचं सगळं बोलणं अत्तींच्या मार्फत चालतं. त्यात माझं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचेतो निम्मं होतं, कारण तुम्हांला त्रास होईल ते अत्ती वाटेतच गाळतात. परवा मी फोनवर गाडीचं बोलले, तर तुम्हांला म्हणे 'तिला लॅबवाले गाडी देणार' असं कळलं. तसं नाही. गाडी मी स्वतः घेणार आहे. जुनी, वापरलेली आणि अगदी लहान. म्हणून हे पत्र. यापुढे महत्त्वाचं सगळं पत्रानंच कळवीन.

लॅबमध्ये माझं काम बदललं आहे. ज्यांना येता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, तेही सकाळी उपाशीपोटी. फुलेवाडीतून मंगळवार पेठ, तिथून राजारामपुरी, मध्येच शिवांजलीला शाळेत सोडायचं. बस मिळते तेव्हा मिळते. रिक्षावाले पहाटेच्या थंडीत यायला कुरकुरतात. आणि अमरेश गेल्यापासून मी दुचाकीला हात लावलेला नाही, शिवूलाही कुणाच्या मागं बसू देत नाही, हे तुम्ही जाणताच.

माझी लॅबमधली मैत्रीण स्नेहल, तिचे यजमान वृषभ गाड्यांतले जाणकार आहेत. रविवारी त्यांनी एक गाडी दाखवली. वरून लखलखीत. वृषभभाऊंनी पायाखालची चटई उचलली तर खाली वाळलेला गाळ. पुरात उभी राहिलेली गाडी. दलाल म्हणाला, ही कोल्हापूरची नाहीच, सांगलीहून आणलीय. जशी काही सांगलीला कृष्णा पाणी दाखवत नाही. शिवू तिथंच नाक धरून म्हणाली की हिला ओल्या गोणपाटाचा वास येतोय. आम्ही परत आलो.

अत्तींच्या गुडघ्याला तेल चोळणं चालू आहे ना? तुमचा माझ्यावर जो जीव आहे त्यात उणं पडू देऊ नका.

आपली,
दानेश्वरी

॥ श्री ॥
नेसरी
२१ जानेवारी २०२५

चि. दानेश्वरीस,
भरमाप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद. चि. शिवांजलीस गोड पापा.

पत्र पोचलं. अत्तीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मला माझा आवाज कळत न्हाय, त्यामुळं शेजाऱ्यापाजाऱ्यांनीबी ऐकलं असंल.

आता माझं ऐक. गाडी घेऊ नको. तू म्हणशील, म्हाताऱ्याला काय कळतंय. पण या घरानं रस्त्याला द्यायचं ते दिलंय. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, मागं ना दिवा ना कापड. तुला त्या शहरात एकटीनं पळापळ करायची गरज काय? इथं दुकान हाय, घर हाय. गडहिंग्लजला लॅबा निघाल्यात, संगमेश पावण्यांनी एका डॉक्टराकडं शब्दबी टाकलाय. शिवूला इथली शाळा वाईट न्हाय. अमरेश त्याच शाळेत शिकला.

आणि इतकं सांगून तू ऐकणार न्हाईस हे मला ठाऊक हाय. मग निदान संगमेश पावण्यांची मोठी गाडी घे. ते विकणार हायत. उंच हाय, दणकट हाय, पत्रा जाड. रस्त्यात कोण आडवं आलं तर त्याचं जाईल, तुझं न्हाय. बारकी गाडी म्हंजे काडेपेटी. तसल्या डब्यात माझी सून आणि नात बसल्यात असं मनात आलं तरी जेवण जात न्हाय.

विचार कर आणि कळव. आमच्या मायेला धरून राहा.

तुझा,
मामा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
फुलेवाडी, कोल्हापूर
५ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामा यांस,
दानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहायला बसले आणि उठले.

मी गाडी शिकते आहे. शिकवणाऱ्या संयोगिताताई शांत बाई आहेत. पहिले काही दिवस रंकाळ्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर बरं चाललं. मग त्यांनी मला दसरा चौकात नेलं. सिग्नल सुटला आणि माझ्या डाव्या अंगाला एक मुलगा मोटारसायकलवरून आला. मानेत मफलर, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, जसं अमरेश अडकवायचा. माझे पाय उचलेनात. मागचे हॉर्न वाजवून ओरडत होते. संयोगिताताईंनी खाली उतरून मला बाजूला सरकवलं आणि गाडी कडेला घेतली. पाणी दिलं.

मामा, तुम्हांला भीती वाटते की मी मरेन. मला ती भीती नाही असं नाही, शिवूसाठी तर आहेच. पण स्टिअरिंगवर हात ठेवला की मला वेगळीच भीती धरते. माझ्या हातून कुणाचं घर जाईल ही. तुम्ही लिहिलंत, आडवा येणाऱ्याचं जाईल, तुझं नाही. कागलच्या अलीकडे त्या संध्याकाळी अमरेशचं असंच झालं की. जाड पत्र्याच्या आत बसलेल्या माणसाचं काही गेलं नाही. तुम्ही हे माझ्या काळजीपोटी लिहिलंत, मला कळतं. तरी तुमचं पत्र मी शिवूच्या हाती लागू नये म्हणून वर ठेवून दिलं.

म्हणून मला मोठी गाडी नको. जितकी लहान मिळेल तितकी लहान हवी. वजनाला कमी, वेगाला कमी, पुढचं बॉनेट इतकं आखूड की समोर उभ्या माणसाचे गुडघे दिसले पाहिजेत. वृषभभाऊंना हेच सांगितलं. ते आधी हसले, मग हसायचे थांबले.

दुसरी गोष्ट. नेसरीला मी सणासुदीला येईन, सुट्टीत शिवूला महिनाभर ठेवीन, पण राहायला येणार नाही. मला या शहरात अमरेशनं आणलं हे खरं. आता मात्र मी इथं त्याच्यासाठी राहत नाही. सकाळी म्हातारी माणसं माझी वाट बघत बसलेली असतात. त्यांच्या शिरा सापडत नाहीत, मला सापडतात. हे माझं आहे, ते सोडवत नाही.

उद्धटपणा वाटला तर पोटात घाला, आणि आजवर दिलंत तेवढंच प्रेम पुढंही द्या.

आपली,
दानेश्वरी

नेसरी
१८ फेब्रुवारी

दानू बाळीस अत्तीचा आशीर्वाद.

मी सातवी शिकल्याली, माझं अक्षर बघून हसू नको. मामा पत्र लिहीत न्हाईत. तुझं पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मळ्याकडं गेले. मिरच्या तोडायला बायका आलत्या, त्यांच्यावर उगंच ओरडले. जेवताना मला म्हणाले की मी पोरीला काय लिवून बसलो.

यव्वा, ते रागावल्यात असं समजू नको. ते सोताला बोलतात. अमरेशचं नाव तोंडातनं काढत न्हाईत, पर तुझं काढतात, शिवूचं काढतात.

तुला वाटतंय तसली गाडी घे. मी कोण तुला अडवणार. मी आजवर तुझं निम्मं निम्मं सांगत आले, ते चुकलं. तू त्यांना समदं लिव, वाईटबी लिव. न सांगितल्यालं त्यांना जास्त खातंय.

शिवूला सांग, तुझ्या म्हशीला रेडकू झालंय. आठवण ठेवा, आम्हीबी ठेवतोय.

तुझी अत्ती
शांतादेवी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
फुलेवाडी, कोल्हापूर
२ एप्रिल २०२५

ती. स्व. मामा व अत्ती यांस,
दानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

गाडी घेतली हे अत्तींना फोनवर सांगितलंच. पांढरी जुनी आल्टो. नागाळा पार्कात अक्काताई म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांची. डोळ्यांना कमी दिसायला लागल्यावर त्यांनी स्वतःहून गाडी बंद केली. त्या किंमत सांगायच्या आधी मी गाडी कशी चालवते ते बघत होत्या. दोन वेळा मला गल्लीतून फिरवून आणलं, मगच हो म्हणाल्या. आमच्या बोळात ती मावते आणि दोन गाड्यांच्या फटीत उभी राहते. आमचे पंचांग बघणारे घरमालक म्हणाले, ही काय सायकलच्या जागेत लावणार का. लावली.

आता जे खरं कळवायचं ते.

गेल्या गुरुवारी सकाळी शिवूला सोडून मी गंगावेशीतून निघाले होते. गाडीत मी एकटी. मागचे लोक वैतागतील इतकी हळू चालले होते. दूध कट्ट्याजवळ एक टेम्पो उभा होता, त्याच्या आडून डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई एकदम पुढं आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबता थांबता तिला लागली. ती पडली. मेथीच्या जुड्या माझ्या काचेवर आल्या आणि समोरचं काही दिसेना.

मामा, अत्तींनी सगळं लिहायला सांगितलं म्हणून लिहिते. त्या वेळी रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. काचेपाशी एक माणूस वाकून हळूच म्हणाला की ताई, गर्दी व्हायच्या आत निघा, म्हातारीचीच चूक आहे. माझा हात गिअरवर गेला होता. मागं घेऊन वळवली असती तर रस्ता मोकळा होता. मला शिवू आठवली, पोलीस आठवले, तुम्ही आठवलात. किती वेळ तशी बसले सांगता येत नाही. मग मी दार उघडलं आणि उतरले.

बाईचं नाव धोंडुबाई. फुलेवाडीच्या पुढच्याच एका गावातून रोज भाजी घेऊन येतात. मनगट मोडलं होतं, गुडघा सोलला होता. मी ओढणीनं हात बांधला, त्या टेम्पोवाल्याच्या मदतीनं त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत मी माफी मागत होते आणि रडत होते. त्या कण्हत होत्या. मध्येच म्हणाल्या, "रडू नगंस गं. फुडं बघून चालीव."

प्लास्टर घातलं. चौकीत जाऊन मी स्वतः सगळं सांगितलं. धोंडुबाईंचा मुलगा आला तेव्हा फार तापला होता, आणि ते योग्यच होतं. मी ऐकून घेतलं. त्यालाही धोंडुबाईंनीच गप्प केलं. म्हणाल्या, "पळाली न्हाई की रं ती."

हात जुळेपर्यंत त्यांची भाजी त्यांची सून आणते. मी रोज कामावरून परतताना बसनं जाऊन त्यांच्या घरी डोकावते. त्या चहा देतात. मी पिते.

गाडी पाच दिवस बोळात उभी होती. सहाव्या दिवशी शिवूनं विचारलं की आपण ती आता विकणार का. मामा, तुम्ही म्हणाल तसं करीन. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. विका म्हणालात तर विकीन.

माझ्यावरची माया आटू देऊ नका.

आपली,
दानेश्वरी

॥ श्री ॥
नेसरी
९ एप्रिल २०२५

चि. दानेश्वरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. अत्तीला वाचून दाखवलं, पण या खेपेला हळू वाचायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, तरीबी मोठ्यानंच झालं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली न्हाय. अत्तीलाबी आजच सांगितली, या पत्राच्या आधी. अमरेशचं कार्य उरकल्यावर मी एकटा कागलच्या अलीकडं त्या जागेवर गेलतो. तिथं रस्त्याकडंला एक चहाची टपरी हाय. त्या माणसानं सगळं बघितलेलं. पोलिसांना त्यानं नंबर दिसला न्हाय म्हणून सांगितलं, आणि ते खरंच असावं. पण मला तो आणखी एक सांगून गेला. ती गाडी थांबलती, दानू. पुढं जाऊन थांबलती. दार उघडलं. एक पाय खाली आला. काळा बूट होता म्हणाला. थोडा वेळ तो पाय तसाच जमिनीला टेकून राहिला. मग वर गेला, दार लागलं, गाडी गेली. आपलं पोरगं तोवर बोलत होतं म्हणे. पाणी मागत होतं.

त्या माणसाला शिक्षा व्हावी असं मला सुरुवातीला वाटायचं. आता तसंबी वाटत न्हाय. त्याचं तोंड कसं असंल याचा मी विचार करत न्हाय. मला रोज फक्त तो पाय दिसतो. दुकानात बसलो, गिऱ्हाईक समोर आलं, तरी पायाकडं बघतो. दुसरा पाय का आला न्हाय, एवढंच मला त्याला विचारायचं हाय. तो वाईटच असंल असं न्हाय. त्यालाबी घर आठवलं असंल. कुणीतरी काचेपाशी येऊन निघा म्हणालं असंल. मला इतके दिवस हे सुचलं न्हवतं, तुझ्या पत्रानं सुचलं.

तुझाबी हात गिअरवर गेला हे तू लिवलंस. न लिवता चाललं असतं. तू लिवलंस, आणि मग उतरलीस. दोन्ही पाय खाली ठेवलेस.

गाडी विकायची न्हाय. मोठीबी घ्यायची न्हाय. मी मोठ्या गाडीचं लिवलं ते मागं घेतो.

मी आणि अत्ती रविवारच्या पहिल्या एसटीनं येतोय. मला धोंडुबाईंच्या घरी जायचं हाय. त्यांच्या पायाला हात लावायचा हाय. त्या वयानं लहान असल्या तरी. काय बोलायचं ते ठरवलं न्हाय, आणि त्या काय बोलतील ते मला ऐकू येणार न्हाय. तू शेजारी राहा आणि मला सांग.

स्टँडवर गाडी घेऊन ये. अत्ती शिवूला घेऊन मागं बसंल. मी पुढं बसतो, तुझ्या शेजारी.

लेक म्हणून जवळ राहा, बाकी काही मागणं न्हाय.

तुझा,
मामा