डिलाईल रोडचा समाधानी रहिवासी

५ मे, सोमवार

आज मला वाहिनीचा नीतिमत्ता अधिकारी नेमलं. पगार तोच, टेबल तेच, फक्त पाटी नवी येणार. आमच्या केंद्रप्रमुख वैदेही मॅडम म्हणाल्या, "आनंदराव, तुमचा चेहरा प्रामाणिक आहे." मी म्हटलं, मॅडम, आतूनही तसाच आहे. त्या म्हणाल्या, वरून ऑर्डर आहे, प्रत्येक केंद्रात एक असावाच लागतो.

बायकोला, लक्ष्मीला, फोन केला. "पगार वाढलो?" नाही म्हटलं. "मगे पाटी तरी घराक हाडा, दरवाजाक लावया."

आमची वाहिनी लोकांच्या पैशावर चालते. तसं गेटवर लिहिलं आहे. मी रोज आत शिरताना त्या अक्षरांना नमस्कार करतो. वॉचमनला वाटतं मी त्यालाच करतो. तो सलाम ठोकतो. गैरसमज दूर करायचा राहून जातो.

संकल्प: इथे रोज खरं लिहायचं. ही डायरी कुणी वाचणार नाही, म्हणजे खोटं लिहायला कारणच नाही.

७ मे, बुधवार

पहिली तक्रार. डिलाईल रोडचे शामराव स्वतः आले. पोस्टातून रिटायर, आता तिथल्या बुद्धविहाराचं वाचनालय बघतात. पांढरा शर्ट, खिशाला पेन. चहा नको म्हणाले.

त्यांनी मोबाइलवर आमच्या 'नागरिक म्हणतात' या कार्यक्रमाचे तुकडे दाखवले. जानेवारीत एक द्राक्ष बागायतदार. फेब्रुवारीत एक पेशंटचा नातेवाईक. एप्रिलमध्ये डिलाईल रोडच्या चाळीतला रहिवासी, जो म्हणतो की पाणी भरपूर येतं. तिघंही शेवटी म्हणतात, "एकंदरीत समाधान आहे."

शामराव म्हणाले, "माणूस एकच आहे साहेब. शर्ट पण तोच. बागायतदारानं एखादा नवा घ्यायला काय हरकत होती?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या चाळीत मार्चपासून नळाला पाणी नाही. बायका वॉर्ड ऑफिसला गेल्या, तर तिथल्या साहेबाने आमचाच कार्यक्रम लावून दाखवला. म्हणाला, सरकारी वाहिनीवर तुमचाच माणूस सांगतोय पाणी आहे म्हणून, मग तुम्ही कोण? तक्रार बंद.

"मला कुणाची नोकरी घालवायची नाही," शामराव म्हणाले. "टीव्हीवर एक वाक्य बोला. हा माणूस आमच्या चाळीतला नाही. बस. पुढचं आम्ही बघतो."

निःपक्ष चौकशी होईल, असं मी सांगितलं. ते गेल्यावर दोन ग्लास पाणी प्यायलो.

तो माणूस माझा मेहुणा माधव आहे.

८ मे, गुरुवार

शांतपणे विचार केला. माझा हेतू वाईट नव्हता. 'नागरिक म्हणतात'साठी नागरिक आणणं माझं काम. पण नागरिक नीट बोलत नाही. लालबागच्या नाक्यावर माइक पुढे केला की एक तर शिव्या देतो, नाहीतर विचारतो, कुठलं चॅनल? एकाने माइकवर भजी ठेवली होती. माधव मात्र एका टेकमध्ये बोलतो. त्याची कंपनी बंद पडल्यापासून दिवसभर मोकळा असतो. आणि त्याचा चेहरा असा आहे की कुठेही खपतो.

त्या दिवशी डिलाईल रोडला जायचंच होतं. गाडी मिळाली नाही. चाळ कुठलीही असली तरी भिंत सारखीच दिसते, म्हणून आमच्या जिन्यात शूट केलं. आमच्याकडे पाणी येतं. म्हणजे माधव खोटं बोललाच नाही. फक्त खाली पट्टीवर पत्ता चुकला.

तरीही वाक्य तयार केलं: "तो माणूस डिलाईल रोडचा नव्हता, तो माझा मेहुणा आहे, चूक माझी आहे." मोठ्याने वाचलं. गावच्या शाळेतले गुरुजी आठवले. ते म्हणायचे, खरं बोलायला पाठांतर लागत नाही. उद्या मॅडमना सांगणार.

९ मे, शुक्रवार

मॅडम मीटिंगमध्ये होत्या. मीटिंग संपली तेव्हा मी जेवायला गेलो होतो. जेवण उशिरा घ्यायला हवं होतं हे खरं, पण मला ॲसिडिटी आहे.

१० मे, शनिवार

देवाला कौल लावला. आमच्याकडे गावची पद्धत आहे. रवळनाथाच्या मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर हो. आजोबांनी या कौलावर जमिनीचा वाद सोडला होता.

विचारलं, बा देवा महाराजा, ही गोष्ट उघड करू?

उजवी पडली.

पंखा चालू होता हे नंतर लक्षात आलं. वाऱ्याने पडलेला कौल धरत नाहीत.

११ मे, रविवार

पंखा बंद करून परत लावला. उजवी. पण फूल कालचं होतं.

ताजं फूल आणलं. उजवी.

लक्ष्मी मागे उभी होती. म्हणाली, "देवाक कितीदा इचारतालात? तेका आयकाक येता."

संध्याकाळी माधव आला. त्याने मोबाइलमध्ये स्वतःचे सगळे तुकडे जपून ठेवले आहेत. दाखवत म्हणाला, "भावोजी, काल भाजीवाल्यानं वळखलान माका. म्हणता, तुमी टीव्हीवरचे ना? कोथिंबीर फुकट दिल्यान." कंपनी गेल्यापासून त्याला इतकं खुश पाहिलं नव्हतं. हे सगळं त्याला सांगणं क्रूरपणा झाला असता. माझं मन हळवं आहे, हाच माझा दोष.

१३ मे, मंगळवार

मॅडमनी स्वतःच बोलावलं. शुक्रवारी संध्याकाळी 'आम्ही उत्तर देतो' हा लाइव्ह कार्यक्रम. शामराव फोनवर, मी स्टुडिओत. मॅडमनी विचारलं, "तो माणूस कोण होता?"

हीच ती वेळ. घसा साफ केला.

"चौकशी सुरू आहे," मी म्हटलं.

"कुणाची?"

"संबंधितांची."

हे शंभर टक्के खरं आहे. माझ्याइतका संबंधित कोण?

आणि विचार केला तर आडपडद्याने मॅडमच्या केबिनमध्ये सांगण्यापेक्षा थेट लोकांसमोर सांगणं जास्त नैतिक. लोकांचे पैसे, लोकांना उत्तर. शुक्रवारपर्यंत थांबणं हाच धीराचा मार्ग आहे.

वाक्य थोडं तासलं. मेहुण्याचा उल्लेख काढला. खासगी आयुष्य प्रक्षेपणात आणू नये. "तो माणूस डिलाईल रोडचा नव्हता, चूक आमची आहे." 'माझी'ऐवजी 'आमची' केलं. संस्था मोठी, माणूस छोटा.

१४ मे, बुधवार

दुपारी शामरावांचा फोन. आवाज खाली होता. त्यांच्या मजल्यावरच्या कौसल्याबाई टँकरचं पाणी घेऊन चढताना जिन्यात पडल्या, हंड्यासकट. मनगट मोडलं. वय सत्तरच्या पुढे. आता त्यांचं पाणी शेजारी आळीपाळीने भरतात.

"हाडापेक्षा सांडलेल्या पाण्याचं दुःख करतात त्या," शामराव म्हणाले. "शुक्रवारी बोलाल ना साहेब? वॉर्डाचा माणूस म्हणालाय, वाहिनीनं चूक मान्य केली की फाइल परत उघडतो."

बोलणार म्हटलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि कौसल्याबाईंसाठी मनापासून प्रार्थना केली. आज त्यांच्यासाठी माझ्याकडून हेच होण्यासारखं होतं.

वाक्य: "तो भाग डिलाईल रोडला चित्रित झाला नव्हता." माणूस काढला. माणसापेक्षा मुद्दा महत्त्वाचा.

१५ मे, गुरुवार

उद्याची अँकर मनाली माझ्या टेबलाशी आली. स्क्रिप्ट वाचता वाचता माझ्या लग्नाच्या फोटोकडे बघत राहिली. फोटोत माझ्या मागे, फेट्यात, माधव.

"सर, हे कोण?"

"लग्नातले."

"कुणाकडचे?"

"गर्दी होती," मी म्हटलं.

तिने स्क्रिप्ट मिटली. मग म्हणाली, "सर, मी उद्या सरळ प्रश्न विचारणार आहे. तुम्ही सरळ उत्तर दिलंत तर दोन मिनिटांत संपेल." वाईट नाही मुलगी. अनुभव कमी आहे.

फोटो ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या जागी रवळनाथाचा. टेबल एकदम पवित्र दिसू लागलं. पण काम करताना मान वर करावीशी वाटेना.

१६ मे, शुक्रवार, सकाळ

अंघोळ करून निघालो. मन स्वच्छ आहे. खिशात वाक्य आहे. काल लीगलवाल्यांना दाखवलं होतं, त्यांनी किरकोळ बदल सुचवले. आता असं आहे: "सदर भागातील काही दृश्यांच्या स्थाननिर्देशाबाबत तांत्रिक स्वरूपाची विसंगती संभवते." अर्थ तोच.

गेटवर नमस्कार केला. वॉचमनने सलाम ठोकला.

त्याच दिवशी, घरी आल्यावर

लिहायला हात उचलत नाही. पण संकल्प आहे.

लाइट्स लागले. मनालीने कौसल्याबाईंच्या मोडलेल्या मनगटासकट तक्रार सांगितली आणि विचारलं, "तो माणूस डिलाईल रोडचा रहिवासी होता का?"

मी वाक्य म्हटलं. न अडखळता म्हटलं.

फोनवर शामराव होते. त्यांच्या मागे बायकांचा आवाज, कुणीतरी म्हणत होतं, "काय बोलले? बोलले का?" शामराव म्हणाले, "साहेब, मी पोस्टात चाळीस वर्षं काढली, पण हे मला कळलं नाही. तो माणूस आमचा होता की नव्हता? हो की नाही?"

मनाली माझ्याकडे बघत होती. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता. काचेपलीकडे मॅडम उभ्या होत्या. घशात शब्द आला होता. देवाशपथ आला होता. 'नव्हता' एवढाच तर शब्द.

तोंड उघडलं आणि म्हणालो, "एकंदरीत समाधान आहे."

कुठून आलं कळलं नाही. बहुतेक माधवचे तुकडे फार वेळा पाहिल्यामुळे.

शामरावांनी फोन ठेवला. आपटला नाही. हळूच ठेवला.

१७ मे, शनिवार

माधवने काल कार्यक्रम बघितला होता. आज आला तेव्हा लक्ष्मीने त्याला ताट वाढलं होतं, ते तसंच टाकून गेला. जाताना मला म्हणाला, "भावोजी, तुमी माका सांगलात काय? कुणाचा पाणी तुटला ता?" मी म्हटलं, तुला वाईट वाटू नये म्हणून. तो म्हणाला, "माका वाईट वाटूक नको म्हणान म्हातारेचो हात मोडलो?"

हे तर्कदृष्ट्या बरोबर नाही. जिना आणि प्रक्षेपण यांचा थेट संबंध सिद्ध होत नाही. पण तो चप्पल घालून निघून गेला होता.

लक्ष्मी बोलत नाही. मासे मात्र तिने स्वतः जाऊन आणले आणि फक्त स्वतःपुरते केले.

२० मे, मंगळवार

कळलं की माधव शनिवारी आमच्याकडून निघाला तो थेट डिलाईल रोडला गेला. शामरावांना सगळं सांगितलं. ते त्याला घेऊन वॉर्ड ऑफिसला गेले. तिथला साहेब म्हणाला, हा तर एप्रिलमध्ये म्हणाला पाणी आहे, आता म्हणतो नाही. याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? वाहिनीनं सांगावं.

म्हणजे मी बोललो असतो तर.

हे वाक्य पुढे लिहिलं नाही. मला झोपेची गरज आहे.

२१ मे, बुधवार

नवा संकल्प. मॅडमनी फॉलोअप ठरवला आहे. उद्या प्रत्यक्ष डिलाईल रोडला जाऊन शूट. गाडीही मिळाली. खरी चाळ, खरी माणसं, खरा नळ. ही देवाने दिलेली दुसरी संधी आहे. चाळीतलं कुणीतरी बोलेल, आम्ही दाखवू, आणि माझं वाक्य न बोलताच बोललं जाईल. कौल लावायची गरज वाटली नाही.

फक्त मॅडम एवढंच म्हणाल्या की तक्रार निकाली काढायची आहे, तेव्हा शेवटी एक समाधानी रहिवासी असू दे.

२२ मे, गुरुवार

कॅमेरामन ध्रुव (माधवचे तुकडे यानेच घेतलेले) आणि मी सकाळीच पोचलो. टँकर आला होता. लांब रांग. आम्हाला बघितलं आणि रांगेने पाठ फिरवली. सगळ्या रांगेने, एकदम. माइक पुढे केला तर एक बाई म्हणाली, "बोलून झालंय ना आमचं? तुमचाच माणूस बोललाय."

रांगेत माधव होता. दोन हातांत दोन कळश्या. कौसल्याबाईंचं पाणी आता तो भरतो. मी म्हटलं, माधवा, निदान तू तरी दोन शब्द. तो म्हणाला, "भावोजी, बाजूक व्हा, लायन पुढे सरकता हा."

शामराव वाचनालयाच्या दारात उभे होते. त्यांनी मला ओळख दिली, मान हलवली, आत गेले.

मॅडमचे तीन फोन. आनंदराव, संध्याकाळी लावायचंय, कुणीही चालेल.

मी पुष्कळ विचार केला. दुसऱ्या कुणाला उभं करणं म्हणजे तीच चूक परत. ते माझ्या तत्त्वात बसत नाही. कुणाला फसवायचं नसेल तर माणसाने स्वतः पुढे व्हावं. शिवाय मी नागरिक आहेच. कर भरतो.

ध्रुव म्हणाला, "सर, शर्ट बाहेर काढा, ऑफिसर वाटताय." काढला. गंध पुसलं. आयकार्ड खिशात टाकलं. कोरड्या नळाशेजारी उभा राहिलो.

पहिल्या टेकला आवाज फुटला नाही. दुसऱ्या टेकला माझ्या मागून माधव कळश्या घेऊन गेला आणि माझी जीभ अडली.

तिसऱ्या टेकला 'एकंदरीत समाधान आहे' पूर्ण म्हटलं. ध्रुवने कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं.

"सर, अजून एकदा घेऊ या," तो म्हणाला. "माधव म्हणायचा तेव्हा खरं वाटायचं."