उभ्या गाडीचा घंटा

३ नोव्हेंबर

नाही वाढवत म्हणजे नाही वाढवत. काहून, ते कोणी विचारलं नाही. तरी लिहून ठेवते. परवा पुंडलिकरावाच्या वावरात सीतादही झाली. कापसाची पहिली वेचणी, झाडापाशी दहीभात ठेवला, बाया हसल्या-बोलल्या, झालं. माहे घरधनी रहमत होते तवापासून आपली मेटाडोर त्यायचा कापूस आर्णीच्या जिनिंगले नेते. दहीभाताचा घास खायचा अन् गाडीच्या घंट्याचा, म्हणजे तासाचा, भाव बोलायचा. शेवटच्या वेचणीपर्यंत मंग तो हालत नाही. रहमत गेले, आता घास म्या खाल्ला. भाव बोलली. अन् आज डिझल वाढलं!

मोईन घरात पाय आपटून राह्यला. आपट. फरशी तुह्याच बापाची हाये.

८ नोव्हेंबर

डिझल अजून वाढलं.

१२ नोव्हेंबर

मोईन म्हणे, "अम्मी, घंट्यामागं पन्नास वाढव. नाही तर नव्या वर्षात गाडी इकतो. नागपूरले कंपनीची गाडी चालवीन, पगार तरी भेटन." इकतो म्हणे! गाडी बापाची, कागद माह्या नावाचा, अन् इकणार हा. पण पोट्टा खोटं बोलत नाही. डिझल टाकलं का हाती काही राह्यत नाही. असंच चाललं त गाडी जाईनच. हे त्याले सांगतलं नाही. कायले सांगू?

संध्याकाळी पुंडलिकरावाचा फोन.

"आपा, डिझल लय वाढलं. घंट्याचं पाहा काही."

"दहीभात खाल्ला का नाही म्या?"

"खाल्ला."

"मंग?"

मंग म्हणे, "बरं. मोईनले उद्या लवकर पाठवजा."

माणूस चांगला. फालतू ताणत नाही.

२१ नोव्हेंबर

नवल पाहा — डिझल चढून राह्यलं अन् घरात पैसा उरून राह्यला! मोईनले विचारलं, कसं काय? "घंटे जास्त होतात." काहून होतात? रस्ता तोच, जिनिंग तेच. "काका लवकर बोलावतात." एवढं बोलला अन् मोबाईलात तोंड घातलं.

समजलं मले. गाडी वावरात पोचली का घड्याळ सुरू, जिनिंगात खाली झाली का बंद. मधात कोण पाह्यते? भाव तोच ठेवायचा अन् घंटे फुगवायचे — ही चोरी नाही त काय! पुंडलिकराव विचारणार नाहीत. रहमतचा पोरगा ना!

२२ नोव्हेंबर

चावी काढून घेतली. मोईन जेवला नाही. नको जेऊ.

२४ नोव्हेंबर

पुंडलिकरावाचा फोन आला, कापूस न्यायचा हाये. चावी मोईनच्या हाती देली अन् बाजूच्या सीटवर मीच चढून बसली. "चाल. पाह्यते तुहे घंटे."

सकाळीच पोचलो. कापूस कोठ्यात ढीग घालून तयार. मजूर बाया भिंतीले टेकून बसलेल्या. कोणी हालत नाही! पुंडलिकराव मले पाहून जरा बावरले. "आपा, तुम्ही? या, या. आधी चहा घ्या." चहा झाला. मंग त्यायच्या बायकोनं, बेबीताईनं, ताट वाढलं — भाकर, भरीत, ठेचा. सूर्य डोक्यावर आला, कापूस तिथंच.

म्या म्हटलं, "भरा ना गाडी!"

"भरतो ना, आपा. घाई कायची?"

एक बाई खिदळली. "रोजचंच हाये, मावशी. भाऊ म्हणतात, गाडीले जरा इसावा घेऊ द्या."

पुंडलिकराव उठून बाहेर गेले. बेबीताई भाकर वाढता वाढता बोलली, "यायले म्या म्हटलं, सरळ पैसे द्या. म्हणतात, आपा घेणार नाही. मंग म्हणतात, चालत्या गाडीले डिझल लागते, उभ्या गाडीले लागत नाही. घंटा मात्र दोघीचाही होते."

पाणी पेली. ताट सरकवून उठली.

मोईन तिकडं टायरले लाथा मारून हवा पाहून राह्यलता. त्याच्यापाशी गेली. "काहून सांगतलं नाही?"

"काकानं कसम देलती."

एवढंच. पुन्हा टायर.

गाडी भरली तवा दुपार कलली होती. जिनिंगले पोचलो त वजनकाटा बंद! चौकीदार म्हणे, उद्या या. आता पुंडलिकरावाचा कापूस रातभर दवात, ताडपत्रीखाली. उद्या ओला म्हणून भाव पाडतील. मांगून पुंडलिकराव मोटरसायकलीवर आले. कापसाकडं पाह्यलंही नाही. म्हणे, "आपा, रातीचे घंटेही धरजा."

असा राग आला! त्यायचा का माहा, माहीत नाही.

२५ नोव्हेंबर

सकाळी फोन मीच लावला. "घंट्यामागं पन्नास वाढवले. आजपासून."

"अन् दहीभात?"

"पचला."

पुंडलिकराव हसले नाही. म्हणे, "बरं झालं, आपा. उद्यापासून उजाडता गाडी भरतो."

काल राती परत घेतलेली चावी मोईनच्या ताटाजवळ ठेवली. जेवला.

झालं. याच्यावर आता एक अक्षर लिहीत नाही.