दशमांशात दिलेला नवरा

गौलीगुडा, हैदराबाद
ता. १२ सप्टेंबर १९९४

प्रिय शांतवनदादा आणि वहिनी यांना,

धाकट्या मंगलाचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही तिकडे जालन्यात बरे असाल असं धरून चालते. (गुडघ्यांचं नीट लिहा. "प्रभूच्या दयेनं ठीक" असं तुम्ही दर वेळी लिहिता, त्यावरून जिना चढता येतो की नाही ते कळत नाही.) वहिनींची साखर उतरली का? चहात गूळ टाकून "साखर सोडली" म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात, एवढा निरोप त्यांना द्या.

पत्राला कारण एक प्रश्न आहे. तुम्ही चौतीस वर्षं पाळक होता, आता रिटायर झालात, म्हणजे कुणाला भ्यायचं कारण उरलं नाही. खरं सांगा, आजच्या काळात ख्रिस्ती माणसाला दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, मंडळीला द्यावाच लागतो का? हो की नाही, एवढंच एका कार्डावर लिहा. मी चौथी शिकलेली बाई, मला तीन मुद्दे आणि शेवटी एक दृष्टांत नको.

आता प्रश्न कुठून निघाला ते सांगते, नाहीतर म्हणाल मंगलाच्या हातून पैसा सुटत नाही. मार्चात कारखान्यानं तुमच्या मेहुण्यांना घरी बसवलं. कागदावर स्वेच्छानिवृत्ती. (स्वेच्छा कुणाची ते कागदावर लिहिलेलं नाही.) देशाची दारं उघडली म्हणे, बाहेरची मशिनं येणार, सगळ्यांचं भलं होणार. होईल, पण सत्तावीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला मात्र गेट बंद झालं. मिळालेली रक्कम बँकेत ठेवली आणि नवरा घरात ठेवला. रकमेचा त्रास नाही, ती गप्प पडून राहते.

नवरा राहत नाही. पहिल्या आठवड्यात यांनी मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, म्हणजे हळदीसाठी हात घातला की धने येतात. दुसऱ्या आठवड्यात कुकरच्या शिट्टीला तेल दिलं, तर ती वाजायचीच बंद झाली. एक दिवस मी भाकरी टाकतेय आणि हे व्हर्निअर घेऊन उभे (जबड्यात धरून जाडी मोजायचं ते माप, कारखान्यातून आठवण म्हणून आणलेलं). म्हणाले, कडेला आणि मधे फार फरक येतोय. दादा, मी उलथनं उगारलं नाही, हे प्रभूनं पाहिलं असेल तर बरं. पण खरा त्रास तो नव्हता. पहाटे साडेचारला उठायचं, अंघोळ करायची, बूट घालून खाटेवर बसायचं. कुठं जायचं नाही, नुसतं बसायचं. साडेबाराला ताट वाढलं तर नको म्हणायचे, जेवण स्वतः डब्यात भरून घ्यायचे आणि गॅलरीत जाऊन झाकणात वाढून खायचे. तोंडानं एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. मला विचारायला आलं असतं तर काय पाहिजे होतं!

तेवढ्यात इथल्या आपल्या मराठी मंडळीत नवे पाळक आले, विकास नावाचे. नागपूरकडचा मुलगा, मिशी अजून येऊ की नको असा विचार करतेय. त्यानं लागोपाठ चार रविवार दशमांशावर प्रवचन दिलं. (आपली उपासना सातला, नऊला त्याच इमारतीत तेलुगू लोकांची, म्हणून प्रवचन लांबलं की ती माणसं दाराशी येऊन खोकतात. चारही रविवार खोकले.) मंडळी परेशान. कुणी विचारलं, पगार हातात येतो त्याच्यावर धरायचा की कापायच्या आधीचा? कुणी विचारलं, पोराच्या शिष्यवृत्तीवर आहे का? मग मीच उठले. म्हटलं, साहेब, शास्त्रात धान्य आहे, गुरं आहेत, फार तर पुदिना, शेप आणि जिरं आहे, रोख रक्कम मला दाखवा, मी उद्या पुदिना आणून देते. तर तो म्हणाला, बाई, घरात ज्याची वाढ झाली त्याचा दहावा हिस्सा. म्हटलं ठीक. माझ्या घरात औंदा एकाच गोष्टीची वाढ झाली, आणि ती या बाकावर माझ्या शेजारी बसलीय.

सगळे हसले. हेही हसले, असं मला त्या वेळी वाटलं.

सोमवारी मी यांना घेऊन गेले आणि पाळकांपुढं उभं केलं. म्हटलं हा आमचा दशमांश, रोज अडीच तास. पाळक लाल झाला, म्हणाला असं कुठं असतं. मी म्हटलं, नसतं असं लिहिलेलं दाखवा. ते काही त्याला सापडलं नाही. आणि आपल्याला दान केलं याचं यांना काही वाटलेलं दिसलं नाही, एवढंच म्हणाले की चोवीस तासांचा दहावा हिस्सा दोन तास चोवीस मिनिटं होतो, अडीच नाही.

मग पाळकानं पंखा दाखवला. पंखा झाला, घंटेचा दोर झाला, बाजाच्या पेटीचा भाता झाला, पाळकाची स्कूटर झाली. तेलुगू लोकांनी पाहिलं, त्यांच्याकडेही बाकं मोडकी होतीच. यांना तेलुगूत पाणी आणि भात सोडून तिसरा शब्द येत नाही, पण तिथं हे 'अन्ना' झाले. नंतर पाळकानं यांना एकनाथरावांकडे धाडलं. एकनाथराव म्हणजे आपल्या मंडळीतले म्हातारे मास्तर, बायको गेली, लेक परदेशात, अर्धांगानं डावी बाजू गेलेली. खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला धरायला दांडा बसवून द्यायचा होता. दांडा एका दिवसात झाला. यांचं जाणं मात्र थांबलं नाही.

थोडक्यात सांगायचं तर हे आता सकाळी सहाला जातात आणि रात्री आठला येतात. दशमांश मंडळीचा, नऊ हिस्से माझे, असा करार होता. नऊ त्यांनी नेले, एक मला ठेवला, आणि त्या एकात हे घोरतात. मसाल्याचे डबे मी पूर्वीसारखे लावले. भाकरी कशीही थापते, कुणी मोजत नाही. दुपारी दोन ताटं घेते आणि एक परत ठेवते. रागावू नका, मला सवय व्हायला वेळ लागतो, एवढंच.

पाळकाकडे गेले. म्हटलं, तुमचा कायदा तुम्हीच मोडताय, दहावा हिस्सा घ्या आणि बाकीचा घरी पाठवा. तर तो काय म्हणतो? म्हणतो, बाई, तुमच्या यजमानांना पाहून माझंच मन बदललं. आता आपण नियमशास्त्राखाली नाही, कृपेत आहोत. ज्यानं त्यानं मनात ठरवावं तसं आनंदानं द्यावं, पौलानं हेच लिहिलंय. चार रविवार माझं डोकं खाल्लं आणि मला दशमांश हवा झाला तेव्हा यानं सोडून दिला! आता माझी अडचण बघा. दशमांश बंधनकारक असेल तर नऊ हिस्से मला परत मिळतात. कृपाच असेल तर यांनी मनात सगळंच द्यायचं ठरवलंय आणि मला तक्रारीला जागा नाही. म्हणून विचारते.

शेवटी मी यांनाच म्हटलं, एक दिवस घरी रहा. बूट बांधता बांधता म्हणाले, "तूच दिलंस ना? दिलेलं मागून घेत नाहीत."

त्या दिवशी मी भांडायच्या तयारीनं एकनाथरावांकडे गेले. दारातून पाहिलं तर हे म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून त्याला दांड्याच्या कडेनं चालवत होते आणि मोजत होते, अकरा, बारा, शाब्बास मास्तर, तेरा. माझं भांडण दारातच राहिलं. हे गोळ्या आणायला गेले तेव्हा मास्तर म्हणाले, "हौ बाई, तुमचीच वाट पाहात होतो. यांना घरी जा म्हटलं की म्हणतात, मास्तर, घरी माझी अडचण होते. बायकोनं भर मंडळीत सांगितलंय."

दादा, सव्वीस वर्षांच्या संसारात मी यांना काय काय बोलले ते सगळं यांनी कारखान्याच्या गेटवर टाकून दिलं असणार. या वेळी टाकायला गेट नव्हतं.

असो. वहिनींना सलाम, मुलांना पापा. प्रार्थनेत आमची आठवण ठेवा.

तुमची बहीण,
मंगला

ता.क. वरचा प्रश्न सोडून द्या, दुसरा आहे. मास्तरांनी मला शास्त्रातलं एक वचन काढून दाखवलं. शेतातला, झाडावरचा दशमांश परत हवा असेल तर पाचवा हिस्सा वर घालून सोडवून घेता येतो. पण गुरांतलं दहावं जनावर एकदा मोजणाऱ्याच्या काठीखालून गेलं की गेलं, ते सुटत नाही. तेव्हा नवरा धान्यात धरायचा की गुरांत, ते कळवा. मी धान्यात धरलाय. वरचा पाचवा हिस्सा मी भरणार आहे, रोज दुपारी मास्तरांकडे जाऊन त्यांना मऊ भात मी भरवीन. मग दशमांशाचे तास संपले की आम्ही दोघं मिळून घरी येऊ.

आणखी ता.क. पाकिटावर पत्ता हे लिहितात, कारण माझ्या हातचा पत्ता पोस्टमन परत आणतो. आणि पत्ता लिहायच्या आधी माझं प्रत्येक पत्र वाचतात, वीस वर्षं वाचतात, हे पहिली ओळ लिहितानाच मला माहीत होतं. मी तोंडानं सांगायला गेले की त्याचं भांडण होतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून उत्तराची घाई करू नका. आणि पत्र तुम्हाला मिळालंच नाही, तर ज्यांना लिहिलं होतं त्यांनी ते ठेवून घेतलं असं समजा.